लाह्यांचं गाणं आणि इतर: इलेक्ट्रॉनिक व गमतीच्या गाण्यांसाठी वाटाड्या

माझ्या मामाचं कोल्हापुरात रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी दिवसभर तिथेच असायचो. टेप दुरुस्त झाला की नीट चालतो का, हे पाहायला मामा दरवेळी एकच कॅसेट लावायचा. तिच्यावर त्याने बॉलपेनने ‘इंग्लिश म्युझिक’ एवढंच लिहिलं होतं. त्यातली दुसरी धून लागली की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचो. तिच्यात गाणारं कुणी नव्हतं. तापल्या कढईत मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसे सूर टपटप उडायचे आणि तरी त्यांची एक गोड चाल बनायची. मी विचारलं, “मामा, हे कुठलं वाद्य?” तो म्हणाला, “वाद्य कुठलं रे, सगळं सर्किट आहे ते.” आम्ही तिला ‘लाह्यांचं गाणं’ म्हणायला लागलो. वीसेक वर्षांनी इंटरनेटवर तीच धून सापडली आणि तिचं खरं नाव वाचून मी खुर्चीतून उठलोच. नाव होतं पॉपकॉर्न.

तेव्हापासून मी अशी गाणी शोधतो, जमवतो, लोकांना ऐकवतो. “मलाही ऐकायचंय, पण सुरुवात कुठून करू?” असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख. माझं म्हणणं एकच आहे: गायकाच्या नावामागे न जाता आवाजाचा माग काढा, आणि गमतीच्या गाण्यांना कमी लेखू नका. नवं यंत्र सामान्य माणसाच्या घरात शिरतं ते बहुतेक वेळा गमतीच्या गाण्याचं बोट धरून. हसू आलं की परक्या आवाजाची धास्ती जाते, आणि एकदा ती गेली की कान पुढचं ऐकायला तयार होतात.

पहिली पायरी: वहीत आवाज लिहा

एक वही घ्या आणि लहानपणापासून कानात राहिलेले दहा आवाज लिहून काढा. गाण्यांची नावं नकोत, आवाजच. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोचा झणझणीत सूर. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवाला काठी मारायचा तेव्हाचा ‘ढुव्व’. शेजारच्या दादाच्या कॅसिओवरचं बटण दाबलं की आपोआप सुरू होणारा ठेका. (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी त्याला कॅसिओच म्हणतात, तेव्हा वहीतही तसंच लिहा.) व्हिडिओ गेममधली टिंवटिंव. मनगटी घड्याळाचा गजर.

प्रत्येक आवाजापुढे तो कशासारखा वाटतो ते आपल्या शब्दांत लिहा. तडतडतो, चिकटतो, घसरतो, गुरगुरतो, जे सुचेल ते. या संगीतात सुरावटीइतकंच महत्त्व आवाजाच्या पोताला असतं, आणि पोतासाठी आपल्या भाषेत शब्दांची ददात नाही. पुढे हीच वही तुमचा नकाशा होईल.

बेंजोचंच बघा. विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजतो तो पाश्चात्त्य बँजो नसतो. टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुल तरंग असतो तो, पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा तुकडा) बसवून अँप्लिफायरला जोडलेला. त्याचं मूळ जपानी. १९१२मध्ये नागोया शहरात तयार झालेलं ताइशोगोतो हे वाद्य समुद्र ओलांडून इकडे आलं आणि लालबाग-परळच्या गल्ल्यांत विजेवर वाजू लागलं. म्हणजे विजेच्या वाद्याशी तुमची ओळख आधीच झालेली आहे, तुम्ही तिच्यावर नाचलेलेही असाल.

गमतीच्या गाण्यांसाठीही लांब जायची गरज नाही. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५७च्या ‘आशा’साठी ‘ईना मीना डीका’ केलं. त्याची एक गोष्ट सांगतात. बाहेर पोरं खेळताना ‘ईनी मीनी मायनी मो’ म्हणत होती. ते ऐकून यांनी बडबड सुरू केली आणि त्यांच्या वाद्यवृंदातल्या जॉन गोम्स या गोव्याच्या वादकाने पुढे ‘माका नाका’ जोडलं. कोंकणीत त्याचा अर्थ ‘मला नको’. आता ते गाणं पुन्हा लावा आणि गोव्याच्या वादकांनी आणलेल्या त्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनकडे लक्ष द्या. जॅझ ऐकायला बसा असं सांगितलं असतं तर ज्यांनी रेडिओ बंद केला असता, त्यांनीच हे गाणं तोंडपाठ केलं.

दुसरी पायरी: एक वाद्य धरा आणि ते नेईल तिकडे जा

माझी आवडती वाट पुंगीपासून सुरू होते. १९५४च्या ‘नागीन’मधली बीन आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. लग्नाच्या वरातीत कुणीतरी रुमाल तोंडात धरून तिच्यावर डोलतोच. पण ती खऱ्या पुंगीची नाही. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली. फ्रान्सच्या कॉन्स्तां मार्तां यांनी हे वाद्य १९४७च्या सुमारास बनवलं. लहानशी पट्टी, आत व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), आणि एका वेळी एकच सूर. दोन कळा एकदम दाबल्या तरी सूर एकच निघणार. पुंगीची धूनही एकपदरीच असते, त्यामुळे हे वाद्य तिथे चपखल बसलं.

आता वाद्य तेच ठेवा आणि लंडनला चला. १० जुलै १९६२ला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह आकाशात गेला. जो मीक नावाचा ध्वनिमुद्रक हॉलोवे रोडवर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या घरात स्वतःचा स्टुडिओ चालवत होता. त्याला स्वरलिपी येत नव्हती. सुचलेली चाल तो टेपवर गाऊन ठेवायचा आणि वादक तिच्यातून सूर शोधून काढायचे. त्याने उपग्रहाच्याच नावाची एक धून केली, टॉर्नेडोज या वाद्यवृंदाने ती वाजवली आणि तिचा मुख्य सूर होता क्लॅव्हियोलिनचा. ऑगस्टमध्ये आलेली ती तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. मग अमेरिकेतही गेली, आणि तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलेला तो पहिला ब्रिटिश वाद्यवृंद ठरला.

‘मन डोले’ची बीन आणि ‘टेलस्टार’ ही दोन्ही एकामागोमाग एक लावा. आधी बीन. तिच्यातला सूर सतत किंचित थरथरतो, नाकातून आल्यासारखा वाटतो. मग ‘टेलस्टार’मध्ये तोच नाकातला थरथरता सूर शोधा. एकीकडे तो वारुळातून बाहेर येतो, दुसरीकडे अंतराळात जातो. मला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता मामाला फोन केला होता. तो म्हणाला, “व्हॉल्व्ह तापला की असाच बोलतो.”

असा माग काढायला एका संध्याकाळी एकच वाद्य घ्यायचं. घाई करू नका.

तिसरी पायरी: ‘पॉपकॉर्न’ तीन वेळा ऐका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी एक उच्चार पक्का करा. रॉबर्ट मोग या अमेरिकन अभियंत्याने १९६४मध्ये ज्या सिंथेसायझरचा, म्हणजे विजेच्या सर्किटांतून सूर घडवणाऱ्या वाद्याचा, पहिला नमुना केला, त्याचं नाव ‘मूग’ असं वाचलं जातं. तो स्वतः मात्र ‘मोग’ म्हणायचा. कोंकणीत मोग म्हणजे प्रेम, त्यामुळे गोव्याच्या वाचकांना वेगळं पाठ करायला नको.

‘पॉपकॉर्न’ रचली गेर्शन किंग्जलीने. जर्मनीतल्या बोखममध्ये १९२२ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझी राजवटीत पॅलेस्टाइनला गेला आणि पुढे अमेरिकेत स्थिरावला. १९६९मध्ये मोगवर वाजवलेल्या धूनांची त्याची तबकडी आली, तिच्यात ही होती. फारशी गाजली नाही. मग १९७२मध्ये हॉट बटर या नावाने तिची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात मोग वाजवणारा स्टॅन फ्री पूर्वी किंग्जलीच्याच चमूत होता. ती आवृत्ती युरोपभर गाजली, आणि मामाच्या कॅसेटवर होती तीही हीच.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा फक्त एका सुराकडे लक्ष द्या. तो कसा सुरू होतो, कसा संपतो? तो एकदम सुरू होतो आणि लगेच विरतो. टिचकी मारावी तसा. बासरीचा सूर फुंक असेपर्यंत राहतो, तंबोऱ्याचा हळूहळू मावळतो, हा मात्र उडतो आणि नाहीसा होतो. सिंथेसायझरवर सुराचं हे आयुष्य ठरवायला वेगळ्या चकत्या असतात. सूर किती वेगाने चढावा, किती वेगाने उतरावा, कळ दाबलेली असेपर्यंत कुठे टिकावा, सोडल्यावर किती रेंगाळावा, हे सगळं त्या चकत्या फिरवून ठरतं. हे चार टप्पे कानाने ओळखता येऊ लागले की निम्मं काम झालं. कुठलाही इलेक्ट्रॉनिक आवाज ऐकला की मनातल्या मनात विचारा: हा टिचकी आहे, फुंक आहे की तंबोरा?

दुसऱ्यांदा ऐकताना वरची चाल सोडून द्या आणि खालचं ऐका. बास कुठे आहे? ढोल खरा आहे की यंत्राचा? इथे खरा ड्रम आहे. माणसाच्या हातचा ठेका आणि यंत्राचा सूर अशी ती जोडी आहे.

तिसऱ्यांदा ऐकताना चालीचे दोन भाग वेगळे करा. मुखडा तुटक आहे आणि अंतऱ्यात सूर एकमेकांना धरून वाहतात. या बदलामुळेच दोन-अडीच मिनिटं कंटाळा येत नाही. मी लहानपणी अंतऱ्याची वाट बघायचो, आजही बघतो.

यानंतर २००५ची क्रेझी फ्रॉगची आवृत्ती लावा. मोबाइलच्या रिंगटोनमधून आलेला तो बेडूक आठवत असेल. त्याचा ‘रिंग डिंग डिंग’ म्हणजे एका स्वीडिश तरुणाने तोंडाने केलेली मोपेडची नक्कल. अनेकांना त्याने वात आणला. पण त्यामुळे किंग्जलीची धून तिच्या जन्मानंतर ३६ वर्षांनी लाखो पोरांच्या खिशात गेली, आणि तेव्हा किंग्जली हयात होता. २०१९मध्ये ९७व्या वर्षी तो गेला. माझ्या भाचीने ‘पॉपकॉर्न’ पहिल्यांदा ऐकली ती बेडकाचीच. तिला मी जुनी लावून दाखवली तर म्हणाली, “ही जास्त चविष्ट आहे.” तिचा हा शब्द मी वहीत लिहून ठेवला आहे.

इथवर आलात की मागे वळून अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोसची १९६८ची तबकडी ऐका. जुन्या काळचा जर्मन संगीतकार बाख याच्या रचना तिच्यात मोगवर वाजवल्या आहेत. तेव्हाचा मोगही एका वेळी एकच सूर काढायचा. म्हणून बाखच्या रचनेतला प्रत्येक पदर वेगळा वाजवून, टेपवर एकावर एक चढवून ती बांधलेली आहे. विणकाम म्हणून ऐका, जास्त आवडेल. तिच्याआधी, १९६६मध्ये, किंग्जली आणि फ्रान्सचा ज्याँ-जॅक पेरी यांनी मिळून केलेली तबकडीही ऐका. टेपचे तुकडे ब्लेडने कापून, पट्टीने चिकटवून त्यांनी ठेके बनवले होते. गाणं ऐकू येतं दोन मिनिटांचं, कात्री-पट्टीचं काम मात्र किती दिवसांचं असेल, हे टेप चिकटवलेल्या माणसालाच कळेल.

चौथी पायरी: वेग बदलून बघा

घरी रेकॉर्ड प्लेयर असलेल्या प्रत्येक पोराने मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५वर लावून मार खाल्लेला आहे. हाच खेळ आता मुद्दाम करा. ३३⅓ची तबकडी ४५वर लावली की आवाज सुमारे पाच अर्धस्वर वर सरकतो, म्हणजे षड्ज शुद्ध मध्यमावर जाऊन बसतो. वेग दुप्पट केला की थेट तार षड्ज. १९५८मध्ये अमेरिकेत रॉस बॅगडासेरियन याने टेप निम्म्या वेगाने फिरवून स्वतः सावकाश गायलं, ते दुप्पट वेगाने वाजवलं आणि त्यातून खारींच्या आवाजातली गाणी निघाली. त्या वर्षीच्या नाताळात अमेरिकेत ती घरोघर वाजली.

संगणकावर ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. स्वतःच्या आवाजात ‘ये रे ये रे पावसा’ निम्म्या लयीत गाऊन भरा. ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये वेग दुप्पट करा. शब्द नेहमीच्या लयीत येतील आणि आवाज खारीचा होईल. घरातली लहान मुलं तासभर जागची हलणार नाहीत. तुम्हालाही कळेल की सूर आणि वेग टेपवर एकमेकांना बांधलेले असतात. जुन्या गाण्यांतले कितीतरी ‘जादूचे’ आवाज यातूनच आलेले आहेत.

पाचवी पायरी: ठेका कुणाचा, ते विचारा

कॅसिओवरचे तयार ठेके आठवा. ‘रॉक’, ‘वॉल्ट्झ’, ‘रंबा’. आपल्याला ती खेळण्यातली बटणं वाटायची. पण जर्मनीच्या ट्रिओ या त्रिकुटाने १९८२मध्ये ‘दा दा दा’ हे गाणं हातात मावेल अशा, कॅल्क्युलेटरही असलेल्या कॅसिओ व्हीएल-वनच्या ठेक्यावर उभं केलं. त्यात जवळजवळ काहीच नाही: एक टकटक, एक गुणगुण, दोन-चार शब्द. ते काहीच नसणं मन लावून ऐका.

त्याच्या आदल्या वर्षी ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाने खिशातल्या कॅल्क्युलेटरवर गाणं केलं आणि जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, जपानी अशा भाषांत गायलं. गंभीर मानली जाणारी ही मंडळी कार्यक्रमात तो छोटा कॅल्क्युलेटर प्रेक्षकांपुढे धरून त्यांना कळा दाबू द्यायची. १९७४ची त्यांची ‘आउटोबान’ (म्हणजे महामार्ग) तबकडीची एक आख्खी बाजू व्यापते, २२ मिनिटांहून जास्त. सुरुवातीलाच तिच्या वाटेला जाऊ नका. आधी कॅल्क्युलेटर, मग महामार्ग. ‘आउटोबान’साठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रात्री, गाडी दुसरं कुणी चालवत असताना, कानात हेडफोन घालून बसा.

मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट मात्र एका तरुण मुलीची. हिरोको ओकुडा संगीत शिकून कॅसिओ कंपनीत लागली आणि १९८१ला बाजारात आलेल्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डसाठी तिने तयार ठेके बनवले. त्यातला ‘रॉक’ नावाचा ठेका हजारो मैल दूर जमैकात पोचला. १९८५मध्ये वेन स्मिथ या गायकाने आणि किंग जॅमी या निर्मात्याने त्याचा वेग कमी करून ‘अंडर मी स्लेंग टेंग’ केलं, आणि जमैकाचं नाचगाण्याचं संगीत खऱ्या वादकांकडून यंत्राकडे वळलं. बटण कुणी बनवलं हे नाचणाऱ्यांना माहीत नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे. मूळ ठेका आणि गाणं, दोन्ही शोधा. आधी ठेका ऐकून घ्या, मग गाणं. अंगावर काटा येतो.

सहावी पायरी: मुंबईला परत या

१९८२. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे वादक. त्यांच्याकडे रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं होती: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं छोटं चंदेरी खोकं. डिस्कोचे दिवस होते. त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एचएमव्हीने तबकडी काढली. ती खपली नाही आणि लोक विसरून गेले.

ते ३०३चं खोकं एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून बनवलं होतं. तेही फारसं खपलं नाही आणि १९८४ला बंद पडलं. स्वस्तात मिळू लागल्यावर शिकागोच्या पोरांनी ते उचललं, त्याच्या चकत्या वाजता वाजता पिरगळल्या, आणि १९८७च्या ‘अॅसिड ट्रॅक्स’मधून अॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जगभर गेला. २०१०मध्ये एका डच संग्राहकाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा काढली तेव्हा ऐकणारे थक्क झाले. तोच गुरगुरता, घसरता बास, शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत!

हा घसरता आवाज आपल्या कानाला परका का वाटत नाही? ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्याची सोय आहे. आपल्याकडे याला मींड म्हणतात. मी नवख्यांना आधी भैरव ऐकवतो, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. मग मेघमल्हार, तोही पावसात. गाण्याच्या क्लासला गेलेले लोक आधी नाक मुरडतात. त्यांना एवढंच सांगतो की वादी-संवादी (रागाचे मुख्य सूर) तपासत बसू नका, मींड कुठून येते ते शोधा. दोन मिनिटांत त्यांची मान डोलायला लागते. चरणजित सिंग २०१५मध्ये मुंबईत वारले. त्याआधी युरोपातल्या मंचांवर हीच तबकडी वाजवायची संधी त्यांना मिळाली, याचा मला फार आनंद आहे.

मुंबईत आलातच तर एक आडवाटही पाहून घ्या. क्लॅव्हियोलिनवाले कल्याणजी आठवतात? १९८०च्या ‘कुर्बानी’चं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण त्यातलं ‘आप जैसा कोई’ हे एक गाणं मात्र लंडनमध्ये बिड्डूंनी केलं आणि १५ वर्षांच्या नाझिया हसनने गायलं. हे बिड्डू मूळचे बंगळुरूचे. १९७४मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘कुंग फू फाइटिंग’ त्यांचंच. खरं तर ते गाणं तबकडीच्या मागच्या बाजूसाठी उरकलेलं होतं. आणि १९९५चं ‘मेड इन इंडिया’ही त्यांचंच. पुंगीपासून इथवर रांगेने ऐकलंत तर एक रविवार सहज जाईल.

सातवी पायरी: आवृत्ती तपासा, आणि काय ठेवायचं ते ठरवा

ऑनलाइन जुनं गाणं शोधलं की पहिलं सापडेल ते मूळ असेलच असं नाही. कलाकारांनी पुढे स्वतःच पुन्हा वाजवलेल्या आवृत्त्या, नकला, ‘रीमास्टर्ड’ लिहिलेल्या पण भलत्याच चीजा भरपूर आहेत. तीन गोष्टी बघा: मूळ साल, गाण्याची लांबी आणि तबकडी कुठल्या कंपनीची. ठेका फार गुळगुळीत आणि स्वच्छ वाटला तर शंका घ्या. ‘पॉपकॉर्न’च्या तर इतक्या आवृत्त्या आहेत की मी त्यांची वेगळी वही केली आहे.

तबकडी विकत घ्यायची असेल तर मुंबईत चोरबाजारची मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार या दोन जागा. तबकडी तिरपी धरून उजेडात बघा. बारीक ओरखडे चालतात. नख अडकेल असा ओरखडा असला तर ठेवून द्या, तिथे सुई उडणार. वाकलेली तबकडी कितीही दुर्मीळ सांगितली तरी घेऊ नका. आणि कव्हरवर भुलू नका, आत दुसरीच तबकडी असल्याचं मी तीनदा पाहिलं आहे.

काही गमतीची गाणी मी संग्रहात ठेवत नाही. ज्यांतली सगळी गंमत कुणाच्या तरी बोलण्याची, रंगाची, गावाची टिंगल करण्यावर उभी आहे, ती. १९९८मध्ये एका स्वीडिश गायकाने डॉ. बाँबे हे नाव घेऊन भारतीय हेलाची नक्कल करत गाणी केली, ती युरोपात गाजलीही. ठेका चांगला आहे, पण मला ती ऐकवत नाहीत. त्याच वर्षीचं दलेर मेहंदींचं ‘तुनक तुनक तुन’ मात्र कधीही लावा. मेहंदींचे व्हिडिओ त्यांतल्या नाचणाऱ्या मुलींमुळे चालतात, असं लोक बोलत होते. यांनी पडद्यावर स्वतःच चार रूपांत नाचून दाखवलं. ती गंमत मनातून आलेली आहे, म्हणून भाषा न कळणारेही तिच्यावर नाचतात.

शेवटची पायरी: घरातल्या कॅसेटी वाचवा

माळ्यावर, कपाटात, गावच्या घरी ट्रंकेत कॅसेटी असतीलच. त्यातल्या ‘भरून घेतलेल्या’ कॅसेटी आधी काढा. कॅसेटच्या दुकानात यादी देऊन, साठ किंवा नव्वद मिनिटांत बसवून घेतलेल्या. विकतच्या कॅसेटी दुसरीकडे मिळतील, या मिळणार नाहीत.

कॅसेट लावायच्या आधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे दात पाहा. ते शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसणार नाही. मी हे केलं नव्हतं. मामाच्या कॅसेटवर ‘लाह्यांच्या गाण्या’च्या आधीची चार सेकंदं माझ्या हातून पुसली गेली, आणि त्या जागी माझ्याच खुर्चीचा करकर आवाज आहे.

मग खालच्या फटीतून आत बघा. टेपच्या मागे तांब्याच्या पातळ पट्टीवर नखाएवढी फेल्टची गादी दिसते. ती टेपला हेडवर (डेकच्या टेप वाचणाऱ्या भागावर) दाबून धरते. पुष्कळ जुन्या कॅसेटींमध्ये डिंक सुकून ती पडलेली असते आणि मग आवाज बसका, दूरचा येतो. लोक समजतात कॅसेट गेली. गादी दुसऱ्या फालतू कॅसेटमधून काढून चिमट्याने बसवा, कॅसेट पुन्हा बोलू लागेल. टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेड आणि नंतर लावलेल्या सगळ्या कॅसेटी खराब होतील.

पेन्सिलीने एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतील. डेकचं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, फिरवत ऐका. एका जागी झांजेचा आवाज अचानक उघडतो. तिथेच थांबायचं. मामा हे डोळे मिटून करायचा.

टेपमधून लॅपटॉपला तार जोडा. लॅपटॉपचं माइकचं भोक बऱ्याचदा एकच बाजू घेतं, त्यामुळे यूएसबीला लागणारं छोटं ऑडिओ खोकं घेतलेलं बरं. ऑडॅसिटीत पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजही −६ डेसिबलच्या आसपास राहील. पहिली प्रत डब्ल्यूएव्ही या आवाज न दाबणाऱ्या फाइलमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटमध्ये जपून ठेवा, फोनसाठी वेगळी एमपी३ करा. खरखर काढायच्या नादात झांजा आणि श्वास जातात, म्हणून मूळ प्रतीला हात लावू नका.

शेवटी लेबल लिहा: धून, वाजवणारा, साल, वाद्य. जुनं लेबल काढू नका, त्याच्याखाली नवं चिकटवा. माझ्याकडच्या कॅसेटवर वर मामाच्या अक्षरात ‘इंग्लिश म्युझिक’ आहे आणि खाली माझ्या अक्षरात: ‘ए बाजू, दुसरी धून. पॉपकॉर्न. हॉट बटर, १९७२. मोग.’